धागा: ग्रहाची बंद पडलेली संरक्षण यंत्रणा आणि दुरुस्तीला आणलेले बदनाम गुन्हेगार – कथेत हे पटेल असं कसं मांडायचं?

धूळशेपटी (धागाकर्ती)

नमस्कार. एका दीर्घ विज्ञानकथेचा आराखडा पक्का करायचा आहे. त्यातला तांत्रिक भाग जाणकारांना खोटा वाटू नये म्हणून हा धागा.

ग्रह वस्तीचा, आकार आणि गुरुत्व पृथ्वीइतकंच. लघुग्रहांपासून बचावासाठी तीन थर आहेत: अंतराळात सहा अवरक्त दुर्बिणी, जमिनीवर दोन मोठी रडार, आणि कक्षेत तयार ठेवलेली बारा धडक-यानं, प्रत्येकी ६०० किलोची. वीस वर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही. आता १४० मीटरचा एक लघुग्रह थेट धडकेच्या मार्गावर सापडलाय आणि दहा वर्षं हातात आहेत. ही यंत्रणा ज्यांना आतून माहीत आहे ती चार माणसं तुरुंगात आहेत. धातूच्या चाचण्यांचे खोटे दाखले देणारी प्रयोगशाळा-प्रमुख, नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये बॅकडोअर (गुपचूप शिरायची चोरवाट) ठेवणारा प्रोग्रामर, बनावट सुटे भाग खपवणारा खरेदी अधिकारी, आणि रडारच्या नजरेआडून माल नेणारी तस्कर वैमानिक.

दुरुस्ती कुठून सुरू होईल? काय काय बिघडलेलं असेल? या चौघांवर विश्वास किती टाकायचा, आणि मोबदल्यात त्यांना काय द्यायचं? शेवटची धडक ग्रहापासून साठ दिवसांच्या अंतरावर ठेवली आहे, उत्कंठा वाढते म्हणून.

आडवी_कक्षा

साठ दिवसांची कल्पना सोडा, बाकीचं टिकेल. आकडेच मांडून बघू.

व्यास १४० मीटर, घनता पाण्याच्या दुप्पट धरली तर वस्तुमान सुमारे २९ लाख टन. ६०० किलोचं यान सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने आदळलं तर नुसत्या धक्क्याने लघुग्रहाचा वेग बदलेल सेकंदाला ०.१२५ सेंटीमीटर. पण धडकेने खड्डा पडतो, मलबा यान आलं त्या बाजूला उडतो आणि रॉकेटच्या झोतासारखा आणखी रेटा देतो. या गुणकाला बीटा म्हणतात. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं तेव्हा बीटा साधारण ३.६ निघाला. डिमॉर्फसची आपल्या मोठ्या जोडीदाराभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा ३३ मिनिटांनी कमी झाली. मोहीम यशस्वी ठरायला ७३ सेकंदांचा फरक पुरला असता. अंदाज आणि निकाल यांतली ही तफावत तुमच्या कथेसाठी फार मोलाची आहे, कारण खडक सैल आहे की घट्ट यावर बीटा ठरतो आणि तो धडकेआधी नेमका सांगता येत नाही.

आता गरज किती ते बघा. दहा वर्षं आधी लघुग्रहाच्या गतीच्या दिशेने सेकंदाला १ सेंटीमीटर फरक पाडला, तर तो भेटीच्या वेळी कक्षेत सुमारे ९,५०० किलोमीटर पुढे किंवा मागे असतो. वेगातला फरक गुणिले वेळ गुणिले तीन, हे त्याचं ढोबळ सूत्र. ग्रहाची त्रिज्या ६,४०० किमी असली तरी तेवढ्याने भागत नाही, गुरुत्व त्याला आत ओढतं. दूरवरचा सापेक्ष वेग सेकंदाला १० किमी असेल तर सुमारे ९,५०० किमीने चुकवावं लागतं. म्हणजे बीटा ३ असेल तर तीन धडका पुरतात, बीटा १ निघाला तर आठ लागतात.

साठ दिवस आधी एक यान आदळवलं तर बीटा ३ धरूनही याच सूत्राने जेमतेम ६० किमी.

लंबवर्तुळ

आडवी_कक्षा यांच्या हिशेबात एक दुरुस्ती. तीनचा गुणक सूर्याभोवती बऱ्याच प्रदक्षिणा झाल्यावर लागू होतो. वेग बदलला की कक्षा लहान-मोठी होते, प्रदक्षिणाकाळ बदलतो, आणि तो फरक फेरीगणिक साठत जातो. साठ दिवसांत साठायला काही वेळच नाही. तिथे सरळ वेग गुणिले वेळ, म्हणजे २० किमी.

दुसरं म्हणजे, दहा वर्षं हातात आहेत याचा अर्थ धडक दहा वर्षं आधी होईल असा नाही. दुरुस्तीला दोन वर्षं आणि यानांच्या प्रवासाला एक वर्ष धरा. उरली सात. तेवढंच ९,५०० किमी साधायला आता सेकंदाला १.४३ सेंमी लागतात. बीटा ३ असेल तर चार यानं. बीटा १ असेल तर अकरा कमी पडतात, बाराच्या बारा लागतात.

आडवी_कक्षा

बरोबर, माझी चूक. आणि सात वर्षांचा हिशेब फारच उपयोगी आहे. धूळशेपटी, तुमची उत्कंठा इथे आहे. शेवटच्या साठ दिवसांत काहीच घडत नाही. जे ठरायचं ते पहिल्या दोन वर्षांत, दुरुस्तीच्या टेबलावर ठरतं. पहिलं यान आदळल्यावर बीटा मोजला जाईल आणि तेव्हा कळेल की उरलेली आठ यानं राखीव आहेत की अत्यावश्यक.

धूळशेपटी

दोघांचेही मनापासून आभार. साठ दिवस काढले. मग पहिल्या दोन वर्षांत दुरुस्तीचा क्रम काय असेल?

प्रतिध्वनी

वीज, घड्याळ, दुर्बिणी, संपर्क, आणि सगळ्यात शेवटी यानं. कथांमध्ये लोक आधी शस्त्राकडे धावतात. ज्या यंत्रणेला नीट दिसत नाही तिचं शस्त्र चालू करणं धोक्याचं.

घड्याळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. रडारमध्ये अंतर म्हणजे वेळ. जाऊन-येऊन एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे १५० मीटर. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धहरानमध्ये पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही, २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ एक-दशांश सेकंदांत मोजत होती, आणि ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. २४ बिटांत ती कापली जायची. शंभर तास न थांबता चालल्यावर चूक साठून ०.३४ सेकंद झाली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी बघत होती.

यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग असा की वेळेचं रूपांतर सुधारणारा कोड आधीच लिहिला गेला होता, पण तो सगळ्या ठिकाणी लावलेला नव्हता. यंत्रणा दोन वेळांतला फरक काढायची; दोन्हीकडे सारखीच चूक असती तर वजाबाकीत ती बरीचशी विरून गेली असती. एकीकडे सुधारलेली वेळ आणि दुसरीकडे जुनी, म्हणून फरक उरला. अर्धी दुरुस्ती मूळ बिघाडाहून वाईट ठरते, हे तुमच्या प्रोग्रामरच्या तोंडी शोभेल. सुधारित सॉफ्टवेअर तिथे पोचलं ते दुसऱ्या दिवशी.

खोट्या इशाऱ्यांचंही तसंच. ५ ऑक्टोबर १९६० ला ग्रीनलंडमधल्या ठुले इथल्या रडारने उगवता चंद्र पाहून क्षेपणास्त्रहल्ल्याचा इशारा दिला होता. जून १९८० मध्ये अमेरिकेत एका सदोष चिपमुळे पडद्यावर शेकडो क्षेपणास्त्रं दिसली. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहांनी उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला पाच क्षेपणास्त्रं समजलं; कर्तव्यावरचे अधिकारी पेत्रोव यांनी जमिनीवरच्या रडारमध्ये काही दिसत नाही म्हणून तो इशारा खोटा मानला. म्हणून नियम असा की भिन्न तत्त्वांवर चालणारी दोन साधनं एकच गोष्ट सांगतील तेव्हाच विश्वास ठेवायचा. तुमच्याकडे अवरक्त दुर्बिणी आणि रडार आहेतच. फक्त रडारचा पल्ला लघुग्रहासाठी तोकडा असतो, तो ग्रहाजवळून गेला तरच पकडता येतो. दहा वर्षांत तशा जवळच्या फेऱ्या किती, ते आधी ठरवा.

दुर्बिणी सहाच्या सहा मेलेल्या दाखवू नका. वाईज या अवरक्त अंतराळ दुर्बिणीला थंड ठेवणारा गोठलेला हायड्रोजन २०१० मध्ये संपला. चारपैकी दोन तरंगलांबी गेल्या, उरलेल्या दोनवर ती लघुग्रह शोधत राहिली. २०११ मध्ये झोपवली, २०१३ मध्ये पुन्हा जागी केली, आणि २०२४ पर्यंत चालली. अर्धवट बिघडलेलं यंत्र कामाला लावणं हाच दुरुस्तीचा खरा अनुभव असतो.

सांधेजोड

यानांचं मी लिहिते. वीस वर्षं उभ्या यानात काय मरतं, तर पहिलं इंधन.

हायड्रॅझिन हे यानांचं नेहमीचं इंधन २ अंशांच्या आसपास गोठतं. हीटर बंद पडला की नळ्यांत गोठणारच. पण नळी फुटते ती गोठताना नव्हे, वितळताना. गोठताना हायड्रॅझिन आकसतं, रिकाम्या झालेल्या जागेत टाकीतून आणखी द्रव येतो आणि तोही गोठतो. नंतर हीटर लावले आणि नळीचा मधला भाग आधी वितळला, तर दोन्ही बाजूंना बर्फाचे बूच आणि मध्ये प्रसरण पावणारा द्रव. नळी फाटते. म्हणून टाकीच्या बाजूने सुरुवात करून थ्रस्टरकडे (यान ढकलणाऱ्या छोट्या इंजिनाकडे) हळूहळू सरकायचं, म्हणजे वाढलेल्या द्रवाला मागे टाकीत जायला वाट राहते. सगळे हीटर एकदम लावण्याचा हुकूम एखाद्या घाईच्या अधिकाऱ्याने दिला की दोन यानं तिथेच गेली.

इंधन ठीक असलं तरी ते ढकलणारा वायू शिल्लक असेलच असं नाही. १९७८ चं आयसी-३ यान २०१४ मध्ये स्वयंसेवकांनी पुन्हा बोलतं केलं. त्याच्याशी बोलायची जुनी प्रक्षेपण साधनं केव्हाच मोडीत निघाली होती, म्हणून तेच संकेत सॉफ्टवेअर रेडिओवर नव्याने तयार केले. जुलैच्या सुरुवातीला थ्रस्टर थोडे चालले, आठवड्याभराने मोठ्या ज्वलनाला साथ मिळाली नाही. टाकीत दाब देणारा नायट्रोजन उरला नसावा असा निष्कर्ष निघाला. तुमच्या बारांपैकी एकाचं हेच होऊ द्या: हाकेला ओ देतं, पण हलत नाही.

बॅटरी लिथियम-आयन असेल आणि पार शून्यापर्यंत उतरली असेल तर आतलं तांबं विरघळतं, पुन्हा चार्ज करताना सेलमध्येच शॉर्ट होतो. असे सेल चार्ज करायचेच नाहीत, बाजूला तोडून थेट सौर तक्त्यांवर चालवायचं. शुद्ध कथिलाचा मुलामा दिलेल्या जोडांवर केसांसारखे तंतू वाढतात आणि शॉर्ट करतात. १९९८ मध्ये गॅलॅक्सी-४ उपग्रह त्यानेच गेला. कथिलात निदान ३ टक्के शिसं मिसळलं की हे जवळपास थांबतं, म्हणूनच अंतराळाच्या कामात शुद्ध कथिलाला मनाई असते. तुमच्या खरेदी अधिकाऱ्याने इथेच हात मारला असेल. दाखल्यावर शिसं, प्रत्यक्षात शुद्ध कथिल. बनावट चिप असतील तर वरचं जुनं नाव घासून काळा लेप देऊन नवं छापलेलं असतं. अॅसिटोनच्या बोळ्याने पुसलं तर बरेचदा लेप सुटतो, न सुटला तर क्ष-किरणात आतल्या तारांची मांडणी अस्सल नगाशी ताडून बघायची. पण कक्षेतल्या यानाला बोळा लावता येत नाही, म्हणून खरेदी अधिकाऱ्याची स्मरणशक्ती हवी: कोणत्या खेपेत काय घुसवलं.

आणि आराखड्यांवर विसंबू नका. एप्रिल १९८४ मध्ये सोलर मॅक्स उपग्रह पकडायला अंतराळवीर नेल्सन गेले तेव्हा पकड बसलीच नाही. उष्णतारोधक पांघरूण अडकवणारी एक छोटी कडी वाटेत होती, आणि ती आराखड्यात नव्हती. धडपडीत उपग्रह गिरक्या घेऊ लागला. जमिनीवरच्या चमूने रात्रीतून चुंबकीय कुंडल्यांनी तो स्थिर केला आणि मग यानाच्या यांत्रिक हाताने पकडला. ज्याने ती कडी बसवली त्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. शिक्षा झालेली माणसं परत आणायला याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

दुसरी_किल्ली

आता विश्वासाचा प्रश्न. माणसांवर पहारा बसवण्यापेक्षा बदलावर पहारा बसवा. चौघं कोठडीत आणि त्यांच्या हातात थेट यंत्रणेचा टर्मिनल, ही सर्वांत वाईट रचना. त्यांना इमारतीत मोकळं फिरू द्या, पण त्यांच्या हातून निघालेलं काहीही तपासणीशिवाय यानापर्यंत जाता कामा नये.

प्रोग्रामर फक्त जुळ्या यंत्रावर काम करेल: यानासारखाच संगणक, जमिनीवर. प्रत्येक ओळ दोन स्वतंत्र माणसं वाचतील. तेवढं पुरत नाही, कारण खोट कोडमध्ये नसून कंपायलरमध्ये (लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममध्ये) असू शकते. केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात, जे १९८४ मध्ये छापलं गेलं, हेच दाखवलं: कंपायलर स्वतःच बॅकडोअर घुसवतो, आणि त्याचा मूळ कोड कितीही वाचला तरी त्यात काही सापडत नाही. त्यावर उपाय, संशयित कंपायलरचा मूळ कोड वेगळ्या घराण्याच्या दुसऱ्या कंपायलरमधून बांधायचा, जे तयार होईल त्याने तोच कोड पुन्हा बांधायचा, आणि निघालेली फाइल बिटागणिक जुळते का ते बघायचं. वीस वर्षांपूर्वीचा दुसरा कंपायलर मिळवणं हीच एक मोहीम होईल.

उड्डाणाची गुप्त किल्ली पाच तुकड्यांत, कोणतेही तीन जुळल्याशिवाय ती तयार होणार नाही. ही पद्धत आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडली. दोन तुकडे हाती लागले तरी किल्लीबद्दल काहीही कळत नाही. चौघांकडे एकही तुकडा नको. शिवाय इंजिनाच्या वाटेवर तीन स्वतंत्र अडसर हवेत, त्यांतला निदान एक सॉफ्टवेअरने न उघडणारा.

पडद्याची वाट वेगळी ठेवा. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या संगणकी घातक प्रोग्रामने इराणमधल्या नतान्झच्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचा वेग बिघडवला आणि त्याच वेळी चालकांना आधी टिपून ठेवलेली सुरळीत आकडेवारी दाखवली. तिथलं जाळं बाहेरच्या जगाशी जोडलेलं नव्हतं, तरीही पेनड्राइव्हवरून शिरकाव झाला. म्हणून ज्या संगणकाने यान चालतं त्याच संगणकाच्या सांगण्यावरून यान ठीक आहे असं मानायचं नाही. यानाच्या रेडिओ लहरींतला डॉप्लर बदल (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) वेगळ्या केंद्राने मोजला की ते खरंच हललं का हे कळतं, आणि तो खोटा करणं फार अवघड असतं.

लंबवर्तुळ

यात एक भर. चौघांपैकी कुणी खोटा लघुग्रह घुसवला, किंवा खऱ्याची कक्षा थोडी सरकवून दाखवली तर? उपाय सोपा आहे. निरीक्षणं उघडी ठेवा. पृथ्वीवर मायनर प्लॅनेट सेंटर नव्या लघुग्रहांची मोजमापं जाहीर करतं, कुणीही कक्षा काढून पडताळू शकतो. जुन्या छायाचित्रांत तोच ठिपका शोधणंही जमतं; खोटा ठिपका दहा वर्षांपूर्वीच्या, वेगळ्या वेधशाळेच्या फोटोत सापडणार नाही. ६ ऑक्टोबर २००८ ला सापडलेला चार मीटरचा २००८ टीसी३ दुसऱ्याच दिवशी सुदानवर कोसळला, आणि तेवढ्या तासांत जगभरातून शेकडो निरीक्षणं गोळा झाली होती. गुप्तता पाळायची ती किल्ल्यांची. आकाशाची पाळू नये.

तस्कर वैमानिकेचा उपयोगही इथे. तिला आंधळे कोपरे माहीत आहेत. सर्वांत मोठा कोपरा सूर्याच्या दिशेचा. १५ फेब्रुवारी २०१३ ला चेल्याबिन्स्कवर २० मीटरचा दगड सूर्याच्याच बाजूने आला, आधी कुणालाच दिसला नाही, आणि फुटलेल्या काचांनी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले.

जुनी_कागदपत्रं

इतिहासात याची प्रत्यक्ष उदाहरणं आहेत, तपशील घ्या.

विमानरचनाकार तुपोलेव यांना ऑक्टोबर १९३७ मध्ये अटक झाली. त्यांना बंदिवानांच्या रचना कार्यालयात बसवलं, आणि कामाला कोण कोण हवं याची यादी मागितली. मोकळ्या माणसाचं नाव लिहिलं तर त्यालाही उचलतील या भीतीने त्यांनी अटक झाल्याचं माहीत असलेल्यांचीच नावं लिहिली. याच कार्यालयात तु-२ बॉम्बर तयार झालं, जानेवारी १९४१ मध्ये उडालं. कोरोल्योव यांना २७ जून १९३८ ला पकडलं, अतिपूर्व रशियातल्या कोलिमाच्या सोन्याच्या खाणीवर पाठवलं, तिथून १९४० मध्ये तुपोलेव यांच्याकडे आणलं. सुटका १९४४. त्याच माणसाने पुढे स्पुटनिक उडवला.

दुसरी_किल्ली

म्हणजे कैदेतही उत्तम काम होतं, असं म्हणायचंय का?

जुनी_कागदपत्रं

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. तुपोलेव आणि कोरोल्योव गुन्हेगार नव्हते, आरोप बनावट होते. त्यांच्या उदाहरणावरून तुरुंग फलदायी असतो असं कुणी म्हटलं तर ते अन्यायकारक आहे. किती जण खाणींत मेले आणि कोणती विमानं कधी काढलीच गेली नाहीत, याचा हिशेब कुठल्या यशोगाथेत येत नाही.

सक्तीने करून घेतलेल्या कामाचं खरं चित्र दुसरीकडे दिसतं. मिटेलबाऊ-डोरा छळछावणीच्या भुयारांत नाझींनी व्ही-२ रॉकेटं कैद्यांकडून जोडून घेतली. सुमारे ६०,००० कैद्यांपैकी जवळपास २०,००० मेले. फाशीची शिक्षा असूनही कैदी सांधे कच्चे सोडत होते. झाक्सनहाउझेन छळछावणीत बनावट नोटा छापायला सॉलोमन स्मोलियानॉफ या सराईत बनावटकाराला आणलं, म्हणजे अक्षरशः तुमच्या कथेतला प्रसंग. तिथल्या कैद्यांपैकी याकोब्सन या छपाई तज्ज्ञाने जिलेटीनच्या प्रक्रियेत मुद्दाम बिघाड करून डॉलरचं काम महिनोन्महिने रेंगाळत ठेवलं. त्या दोन्ही ठिकाणी कैद्यांनी केलं ते योग्यच केलं. पण तंत्राच्या बाजूने बघा: कुशल माणसाने काम हळू केलं की ते काम अवघड आहे असंच वरच्याला वाटतं. कुठलीही चाचणी ते पकडत नाही.

प्रतिध्वनी

बाहेर ठेवलेला जाणकारही तेवढाच घातक ठरू शकतो. २००० साली ऑस्ट्रेलियात मरूची इथे मलनिस्सारण यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या माजी कर्मचाऱ्याने गाडीतून रेडिओ आज्ञा पाठवून सुमारे ८ लाख लिटर मैलापाणी बाहेर सोडलं. पंप खराब आहेत असं समजून लोक बराच काळ ते तपासत राहिले.

धूळशेपटी

मग मोबदला काय असावा? माझ्या आराखड्यात आहे: लघुग्रह चुकला की चौघांना पूर्ण माफी.

जुनी_कागदपत्रं

ते बदला, असं कळकळीने सुचवतो. निकालावर माफी ठेवली की चौघांना शेवटपर्यंत सगळं ठीक आहे असं दाखवण्याचीच ओढ राहील, आणि मूळ गुन्हा तोच तर होता. २८ जुलै १९४२ च्या सोव्हिएत आदेश क्रमांक २२७ ने शिक्षा-तुकड्या बनवल्या. तिथे जास्तीत जास्त तीन महिने, किंवा जखमी झालात तर रक्ताने प्रायश्चित्त झालं असं मानून सुटका. सुटकेची अट जखम असेल तर माणूस जखम शोधेल.

माफी कबुलीवर ठेवा. अमेरिकेत १९७६ पासून विमान सुरक्षेसाठी एक व्यवस्था आहे. वैमानिकाने किंवा तंत्रज्ञाने आपली चूक दहा दिवसांत कळवली तर बहुतेक वेळा दंडाची कारवाई माफ होते. हेतुपुरस्सर गुन्हे आणि अपघात त्यात येत नाहीत, म्हणून तुमच्या चौघांसाठी जशीच्या तशी चालणार नाही. पण तत्त्व घ्या. प्रत्येक खोटा दाखला, प्रत्येक बनावट खेप, प्रत्येक बॅकडोअर ठरलेल्या मुदतीत सांगितलं की त्या-त्या बाबीची शिक्षा गेली. मुदतीनंतर दुसऱ्या कुणाला सापडलं तर ती राहिली. यान चाललं की नाही, याचा संबंध नाही.

दुसरी_किल्ली

पूर्ण सहमत. आणि बाहेरच्यांसाठीही दार ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या संकेतस्थळांतल्या त्रुटी शोधायला निमंत्रण दिलं. १,४०० हून अधिक जणांनी नाव नोंदवलं, १३८ खऱ्या त्रुटी निघाल्या. चौघांनी लपवलेलं दुसरं कुणी शोधू शकतं हे त्यांना माहीत असेल तर कबुली लवकर येते.

धूळशेपटी

हे वाचून सगळ्या कथेचा कणाच बदलला. एक शेवटचं विचारते. प्रयोगशाळा-प्रमुख कबुली देते तो प्रसंग. तिने नेमकं काय खोटं केलं असेल, आणि कळल्यावर पुढे काय करायचं?

सांधेजोड

खरा नमुना उपलब्ध आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ओसीओ आणि मार्च २०११ मध्ये ग्लोरी, हे दोन्ही उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटचं नाकाडाचं आवरण न सुटल्यामुळे कक्षेत पोचलेच नाहीत. आवरणाच्या सांध्यातल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या स्फोटाने ठरलेल्या खाचेवर फाटायला हव्या होत्या. कारण २०१९ मध्ये जाहीर झालं: पुरवठादाराकडे वर्षानुवर्षं ताण-चाचण्यांचे आकडे बदलले जात होते. नापास आकड्याच्या जागी पास आकडा लिहायचा. चाचणी यंत्राचा वेग वाढवायचा, कारण धातू झटक्यात ओढला की थोडा जास्त मजबूत भासतो. नमुना मानकाप्रमाणे न कापता सोयीने कापायचा.

तुमच्या यानांत असा सांधा असेल संरक्षक आवरणाचा. तो सुटला नाही तर पुढचा कॅमेरा झाकलेला राहील आणि यानाला शेवटच्या तासात लक्ष्य दिसणारच नाही.

कबुलीत तिने एवढंच सांगितलं की काही दाखले खोटे आहेत, तर त्याचा उपयोग शून्य. हवी ती मूळ वही: कोणत्या वितळणीची (एकदम वितळवून ओतलेल्या धातूच्या खेपेची), कोणत्या तारखेची पट्टी, खरा आकडा किती, आणि ती कोणत्या क्रमांकाच्या यानात गेली. वही नसेल तर जमिनीवर राखून ठेवलेले तुकडे शोधायचे. त्यांची आधी विद्युतवाहकता मोजायची. अॅल्युमिनियमवर उष्णता-प्रक्रिया चुकली असेल तर ती वाहकतेत दिसते, तुकडा कापावा लागत नाही. मग कठीणपणा. संशयित वितळणीचे तुकडे शेवटी ओढून तोडायचे, मानकातल्या वेगाने, आणि त्या वेळी यंत्राचा वेग दुसऱ्या माणसाने मोजायचा. काही तुकड्यांचे पूर्ण सांधे बनवून स्फोटकासह थंडीत उडवून बघायचे, कारण वीस वर्षांचं स्फोटकही कमजोर झालेलं असतं.

याचा निकाल लागेपर्यंत बारापैकी एकाही यानाचं आवरण उघडायचं नाही. सांधा अर्धवट फाटला तर आवरण तिरकं लटकतं, यानाचा तोल जातो, आणि मग ते यान मोजणीतून कायमचं गेलं. ज्या वितळणीचे राखीव तुकडे पास होतील तीच यानं पहिल्या चारात धरा.